इस्त्री

वर्ना आंटींच्या गाडीच्या छपराखाली
गाडी नाही, ती विकली.
आता तिथे एक जुना फ्रिज, दोन घडीच्या खुर्च्या,
आणि माझ्या मांडीवर आडवी गिटार,
डॉक्टरकडे आणलेल्या पोरासारखी, पोट वर करून.

डाव्या हातात पोलादी कांडी. बोटाएवढी. गार.
मी चाळीस वर्षं मासेमारी बोटींची इंजिनं खोलली.
हातात पोलाद आलं की मूठ आपोआप आवळते.
"पाना नाहीये तो, एझ्रा," आंटी म्हणाल्या,
"तारेला नट नसतो."

त्यांनी वायकीकीच्या एका हॉटेलात एकतीस वर्षं
परक्यांच्या चादरींना इस्त्री केली.
शिकवतातही तसंच.
दाबू नकोस, तिचं वजन तिला आहे.
मध्येच उचलू नकोस.
आणि एका जागी मुक्काम केलास तर जळेल.

पहिले दोन महिने एकही गाणं नाही.
फ्रिज गुणगुणतो, त्याच्याशी तार जुळवायची
आणि कांडी नेमकी रेघेवर आणायची.
रेघ म्हणजे नुसती रंगवलेली रेघ,
हाताला अडवणारं तिथे काही नाही.
केसभर अलीकडे, तर सूर रडका.
केसभर पलीकडे, तर खोटारडा.
समोरच्या घरातला कुत्रासुद्धा उठून आत जायचा.

मग कांडीमागे दोन बोटं निजवायची,
करंगळी आणि तिची शेजारीण,
मागची खरखर पुसायला.
मग तळहाताच्या कडेनं तार अर्ध्यावर शिवायची
आणि हात काढायचा, तापल्या तव्यावरून काढतात तसा.
म्हणजे आतून घंटा निघते.
मला ती एकदाच निघाली, मार्चमध्ये,
नेमकं तळावरचं हेलिकॉप्टर वाइमानालोवरून जात होतं.
आंटींनी ऐकली नाही.
निघाली होती यावर त्यांचा अजून विश्वास नाही.

कंप मात्र येईना.
हात थडथडायचा, स्क्रू ढिला झालेल्या पंख्यासारखा.
"थंडी वाजतेय?"
"नाही."
"मग कापतोस कशाला? पाहुणा दारात आला,
आधी बसू दे त्याला. पाणी विचार.
मग हलव."

आमच्या जुन्या भाषेत शब्दाच्या मधेच
घशात एक अडखळ असते.
ती चूक नाही, अक्षर आहे.
माझ्या आईला ती भाषा घरात बोलायची लाज वाटे;
मला ती आडनावापुरती मिळाली.
त्या दोन बोटांनी तार मिटली
की तेच अक्षर होतं, असं मला वाटतं.
आंटींना बोललो नाही. त्या म्हणाल्या असत्या,
विचार कमी कर, नखं काप.

एका गुरुवारी त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या,
"एझ्रा-आऽ!"
मी उठलो.
"उठू नकोस. वाजव. आत्ता काय ऐकलंस ते."
मी वाजवलं. तीन सूर, तिन्ही अगदी रेघेवर.
"हे बिल झालं," आतून आवाज,
"हाक नाही."

माझी मुलगी लास वेगासला असते.
तिकडे पगार बरा, घरभाडं निम्मं.
लहानपणी ती खडकांच्या पार पुढे जायची
आणि मी किनाऱ्यावरून ओरडायचो, माहेआऽलनी,
शेवटचं अक्षर कधी पुरं व्हायचं नाही,
त्याआधीच तिचं डोकं लाटेवर दिसायचं.

ते वाजवलं.
खालून आलो, घाई न करता,
मधल्या स्वरावर बोटं मिटली,
पुन्हा सुटलो, आणि शेवटच्या रेघेच्या
जरासा अलीकडे थांबलो. मुद्दाम नाही.
हात तिथेच राहिला, आणि हलला,
सावकाश, बांधून ठेवलेली बोट हलते तसा.

तेवढ्यात फ्रिज बंद पडला. पडतो अधूनमधून.
इतके महिने ज्याच्या आधारानं जुळवत होतो
तो सूर गेला,
आणि माझा तसाच होता, हवेत,
कशालाही न टेकलेला.

आत पातेल्यावर झाकण पडलं.
बराच वेळ काही नाही.
मग आंटी दारात आल्या, हात पुसत.
"भात लावलाय," म्हणाल्या.
"तिसऱ्या तारेला तेल लाव. किरकिरतेय."